नऊ दिवसांची रजा

अर्जावर कारण लिहिलं : घरगुती.
तांबोळी मॅडमनी वर न बघता सही केली.
आता कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, तिसरा मजला,
जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर,
चादरीवर अर्धा किलो चिंचोके.

एक चिंचोका म्हणजे शंभर,
काळा पडलेला असेल तर पाचशे.
भिडू : खालच्या मजल्यावरचे थंकचन,
घरतांचा हेरंब, ज्याला अजून नोकरी लागायची आहे,
आणि माझी केतकी,
जी दर तासाला विचारते,
आई, पण गोव्यात हरलीस तर?

हरणारच आहे, बाई.
सहा स्पर्धा, प्रत्येकीत दोन-तीनशे माणसं,
एक सोडून सगळी हरतात.
किती वाजता हरायचं, एवढंच थोडंफार हातात.
वहीत आखून ठेवलंय : पिकलेल्या आरडीचे सहा भाग,
सातवा नाही.
सातव्या ओळीवर मी आडवी रेघ मारली
आणि ती दोनदा गिरवली.

अवघड जातंय ते सोडणं.
गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळून वाढलेला हात,
दश्शी आली की उगाच हरखतो.
इथे दश्शीला कोण विचारतं?
राजा-नव्वी, सोड.
गुलाम-दश्शी, पण पहिली बोलायची पाळी तुझी, सोड.
दुर्री-सत्ती, उचलून बघितलीस तेवढं पुरे.
दहातले आठ डाव नुसतं बसायचं,
पाणी बेतानं प्यायचं, पाठ ताठ.
थंकचन म्हणतात, ताई, पान सुंदर दिसतं म्हणून खेळू नका,
पान सुंदर असतंच.

हेरंबनं मोबाइलवर माझा चेहरा टिपला, तासभर.
काकू, तुमचं काहीच कळत नाही हो.
कुठे शिकलात?

वाशीच्या लॅबमध्ये. एकवीस वर्षं.
खिडकीतून लिफाफा देताना
लोक लिफाफ्याकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात.
मॅडम, बरं आहे ना सगळं?
डॉक्टर सांगतील.
भुवई नाही, ओठ नाही, श्वास आहे तसाच.
पुढचा नंबर.

एकदा नळीवर आमचंच आडनाव होतं.
काच दोनदा पाहिली.
तिसऱ्यांदा पाहिली नाही.
घरी आले तर याच टेबलावर सुधन्वा
मटार सोलत बसलेला.
आला का रिपोर्ट?
उद्या, म्हटलं,
आणि समोर बसून मीही सोलायला घेतले.
भाजी काय करायची, दूधवाल्याचे किती झाले,
सगळं नेहमीच्या आवाजात.
तो जेवला. झोपलाही.

फार नंतर, हॉस्पिटलच्या खाटेवरून, हसत म्हणाला,
तेव्हाच कळलं होतं मला.
टरफलं पातेल्यात टाकत होतीस
आणि दाणे पेपरावर.

म्हणून आता चेहऱ्याकडे लक्ष देत नाही मी.
हात बघते, आधी माझे.
चिंचोके मोजायचे, सरळ लावायचे,
ते घसरतात, पुन्हा लावायचे,
डाव चांगला असो की वाईट, त्याच वेगानं.
मग समोरच्याचे :
कुणाचा अंगठा नखाशी खेळतो,
कोण पुन्हा पुन्हा तीच दोन पानं उचलून बघतो,
जणू मधल्या वेळात ती बदलली असतील.

रात्रीचे साडेअकरा. उद्या सानपाड्याहून बस.
बॅगेत स्वेटर, वही, थंकचनच्या बायकोनं दिलेले केळ्याचे वेफर्स.
शेवटचा डाव.
हेरंब सगळेच्या सगळे चिंचोके पुढे ढकलतो,
एक खाली पडतो, तो वाकून उचलत नाही.
माझ्याकडे दोन पानं आहेत.
मी त्या पडलेल्या चिंचोक्याकडे बघते
आणि पानं उलटीच सरकवते.

दाखवा ना काकू, काय होतं?

डॉक्टर सांगतील.

केतकी हसते,
मग हसायची थांबते.
थंकचन पानं गोळा करून
पिसायला घेतात.