फुकट

मी काउंटरवर बसते. काचेला एक भोक आहे.
लोक त्यातून आधी बोट घालतात, मग प्रश्न:
एवढंसं पिल्लू, आणि दोनशे पंच्याऐंशी डॉलर?

एवढंसंच आहे, मान्य.
आई अर्धी चिवावा. बाप कोण,
ते यकिमाच्या मागच्या गल्ल्यांना ठाऊक.
कागदावर आम्ही लिहितो ‘टेरियर, बहुधा’.
त्या ‘बहुधा’चे वेगळे पैसे लावत नाही.

मग मी छापील यादी पुढे सरकवते.
नसबंदी. तीन लशी, चौथी तुमची तुम्ही.
जंतांचं औषध, गुलाबी,
निम्मं पोटात जातं, निम्मं माझ्या बाहीवर.
मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप,
म्हणजे हरवलंच, तर कुणाचं ते कळावं.
वीज. ब्लीच. वर्तमानपत्रं तेवढी लोक आणून टाकतात,
काल एकानं निवडणुकीचा निकाल ओला केला.

यादीत नसतं ते पिंजरा क्रमांक चौदा.
तिथं बोरिस आहे, थोराड, सात महिन्यांपासून,
त्याची फी पन्नास, आणि तीही कुणी विचारत नाही.
फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात,
आम्ही बोरिसचे मोजले. अकरा उरलेत.
बाकीचे काढायला जे लागले
ते तुमच्या एवढ्याशा पिल्लातून आले.

हे सगळं मी दिवसातून चार वेळा सांगते.
मंगळवारी हॉलिस ओस्टरगार्डना सांगितलं.
सफरचंदांच्या बागेत जन्म गेलेला माणूस,
बोटांची पेरं फांदीच्या गाठींसारखी,
सोबत नात, मारेन, तिनं पिल्लू आधीच छातीशी धरलेलं,
म्हणजे घासाघीस करायची सोयच संपलेली.

तरी ते म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.
सफरचंदाचं खोकं घ्यायचं,
पेंडीच्या दुकानाबाहेर ठेवायचं,
वर कोळशानं लिहायचं: फुकट.
जेवणाच्या वेळेपर्यंत खोकं रिकामं.

दर उन्हाळ्याला?
दर उन्हाळ्याला. कधी दोनदाही. टूट्सी बारा वर्षं जगली.
आणि हसले. डावा कान असा दुमडलेला असायचा तिचा,
पुस्तकात खुणेसाठी पान मुडपतात तसा.

मी हिशेब केला नाही. देवाशपथ.
पण बारा उन्हाळे, खोक्यात पाच-सहा,
त्यातल्या निम्म्या माद्या…
आठवीत गणितात नापास झालेलीलाही
हे कुठवर जातं ते दिसतं.
मी फक्त पिल्लाकडे पाहिलं.
मारेननं त्याचा कान सरळ केला,
सोडला.
तो पुन्हा दुमडला.

डावा.

त्यांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
टोपी काढली, पुन्हा घातली.
भिंतीवरचं हरवलेल्या मांजरांचं पत्रक
पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.
मग विचारलं, आई कुठाय याची?

नऊ नंबरला. पॅकिंग शेडच्या जोत्याखाली सापडली,
जुन्या बागेच्या रस्त्याला.
आता ऑपरेशन झालंय. पन्नास.

त्या रस्त्याला त्यांचं घर आहे की नाही
हे मी विचारलं नाही. फॉर्मवर पत्ता येतोच.

त्यांनी तीनशे मोजून ठेवले,
प्रत्येक नोटेला अंगठा लावत, दोन चिकटल्या नाहीत ना हे बघत.
मी पंधरा परत केले. ते त्यांनी भोकातून आत ढकलले.
देणगी म्हणून पावती करावी लागेल, मी म्हटलं,
कशासाठी ते लिहावं लागतं.

ते दारापर्यंत गेले होते.
मारेन पुढे, पिल्लू तिच्या जॅकेटमध्ये, बाहेर फक्त नाक.
‘लिही,’ म्हणाले,
‘खोक्यांचे.’

तसंच लिहिलंय. हिशेबनीस शुक्रवारी येतो,
तो विचारेल.
नऊ नंबरवाली अजून इथंच आहे.
पन्नास.