बारीक अक्षर

शाहूपुरीत गूळ उतरतो तेव्हा
माझ्या दुकानाच्या शटरलाही मुंग्या लागतात.
मी औषधं विकते. मुंग्यांना त्याचं काही नाही.

सकाळी सातला तौफिक शिकलगार येतो,
मानेवर अजून आखाड्याची तांबडी माती.
"वहिनी, तो काळा डबा. चॉकलेटचा."
डब्यावर रेड्यासारख्या दंडांचा कुणी परदेशी.
वस्ताद अजून दूध-तूप-थंडाईवर आहेत,
याला ते नुसतं 'भुकटी' म्हणतात.
"ल्युसिन आहे यात," तौफिक सांगतो,
गावाकडच्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं.

मी डबा फिरवते, मागची बाजू वाचते.
ही खोड लागून नऊ वर्षं झाली.

रेवतीच्या टाचेतून रक्ताचा थेंब गेला मुंबईला
आणि एक शब्द परत आला.
तो नीट म्हणायलाच मला चार दिवस लागले:
फिनाइलॅलनिन.
दुधात आहे. डाळीत आहे. अंड्यात, शेंगदाण्यात.
पांढऱ्या रश्श्यात तर पाटलासारखा मांडी घालून बसलेला.
सगळ्यांच्या अंगात येतो, काम करतो, जातो.
हिच्या अंगात त्याला पुढची वाट नाही.
साचतो,
आणि मग डोक्यात चढतो.

गुजरीत जाऊन मी सोनाराचा काटा घेतला.
"काय तोलणार, वहिनी?"
म्हटलं, भात.
तो हसला. मग हसायचा थांबला.

तिचाही एक डबा आहे.
त्यात सगळी अमिनो आम्लं, तेवढं एक सोडून.
वास ओल्या पोत्याचा.
नाक धरून पिते, आणि तौफिकला विचारते,
"तुझंपण असलंच घाण लागतं?"
"लागतं की," तो म्हणतो,
मिशीला चॉकलेट.

आमचे आबा गुळाचे पारखी. चाळीस वर्षं.
नखाएवढा खडा जिभेवर, डोळे मिटलेले:
"हा भोगावतीकाठचा.
ह्याला पावडर मारलीय, रंगावर जाऊ नका."
ते डोळे उघडेपर्यंत सौदा थांबायचा.
मग साखर निघाली तीनशे ऐंशी,
आणि मीच दिली ती डबी.
टिचकी मारली की एक पांढरी गोळी.
चहात उकळली तर गोडी मरते,
वरून टाकायची.
आबांनी एकदाच चाखून सांगितलं,
"हिला माती नाही. कुठलीच."

रेवती तेव्हा चार वर्षांची.
डबी खुळखुळ्यासारखी वाजवत बसली होती
त्यांच्या मांडीवर.
"मला एक?"
त्यांनी तळहातावर काढली.

मी काउंटरच्या कुठल्या बाजूने धावले, आठवत नाही.
डबीच्या बुडाशी, एक्स्पायरीच्या खाली,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात
तोच पाहुणा.
दुकान माझं. हात माझा.
जगाच्या डब्यांच्या पाठी वाचत होते
आणि घरातली एक डबी राहून गेली होती.

आबांनी चष्मा लावला. काढला.
डबी परत केली, पैसे मागितले नाहीत.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"आणि गूळ?"
"गूळ चालतो तिला. त्यात ते जवळजवळ नसतंच.
तोलून देईन."
एवढं साधं वाक्य,
आणि म्हातारा उठून मोरीकडे गेला,
तोंडावर पाणी मारून आला.

आता सौद्याच्या दिवशी धोतराच्या सोग्यात
कागदाच्या चार पुड्या येतात.
मी काट्यावर ठेवते: दोन ग्रॅम, दोन ग्रॅम.
रेवती डोळे मिटते. हे तिला कुणी शिकवलं नाही.

"खारट हाय."
"कुठं लागतंय?"
"जिभेच्या कडेला."
आबा पुडीवर पेन्सिलीनं लिहितात, शिरोळ.

"आणि हा?"
ती वेळ घेते. बाहेर हमालांची आरडाओरड,
तौफिकची गाडी, मुंग्यांची रांग.
"ह्याला धूर लागलाय, आबा.
तळाशी. थोडा."
"चुलवाण पेटवणारा पोरगा डुलकीला गेला असणार,"
आबा म्हणतात,
आणि काही न खाता
उपरण्यानं तोंड पुसतात.