पुरवणी प्रश्न

खिळे जुळवण्यात माझी एकतीस वर्षं गेली,
रामलिंग खिंडीतल्या छापखान्यात.
उलटी अक्षरं सुलटी वाचायची सवय
डोळ्यांना लागली ती लागलीच.
त्यासाठीच अक्कांनी मला ठेवलं असणार.
पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"ब्रेलपाटीवर मी उजवीकडून टोचते,
कागद पालटला की डावीकडून वाचते.
तुम्हाला नवीन नाही."

कलावती नंदिहळ्ळीकर.
निवडून आल्या तेव्हा गल्लीत कुणी म्हणालं,
दिसत नाही, सही तरी कशी करणार?
त्यांनी केली.
ओळीच्या जरा वर गेली, एवढंच.

हिवाळी अधिवेशनाला, हलग्याजवळच्या पांढऱ्या इमारतीत,
आम्ही साडेनऊलाच पोचायचो.
खाली हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या खोळंबलेल्या,
अक्का पायऱ्या चढायच्या ओठ न हलवता, मोजत.

तारांकित प्रश्न दोनशे चौदा.
तालुक्याच्या कचेरीला उतार आहे काय;
नसल्यास पायऱ्या किती;
आणि ज्याला चढता येत नाही
त्याच्या पेन्शनचा दाखला खाली कोण आणून देतं.

उत्तर छापील आलं.
उतार प्रस्तावित आहे. पायऱ्या बारा.
तिसऱ्याला: माहिती संकलित करण्यात येत आहे.

मी कानाशी वाचून दाखवलं. अक्का उठल्या.
"सतरा," म्हणाल्या.
"चार सोमवार गेले, काठीनं मोजल्या.
नवव्या पायरीचा कोपरा फुटलाय.
बाराच असतील तर मंत्रीमहोदयांनी सांगावं,
वरच्या पाच मी कशावर चढले?"

वृत्तांतात पुढं कंसात छापलंय: हशा.
प्रुफं तपासायची खोड, मी ते पान पुन्हा पुन्हा काढतो.
हशा ओसरल्यावरही त्या उभ्याच होत्या,
मंत्री जाऊन बसले तिकडे नाही,
मघाशी बोलले होते तिकडे तोंड करून.
त्याला छापखान्यात खूण नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून: कन्नडदल्लि माताडि!
इकडून कुणी: आधी मराठीत कागद द्या!
आता तास जाणार म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

पाट्यांना फासलेलं डांबर मी पाहिलंय,
एका रात्री या लिपीवर, दुसऱ्या रात्री त्या.
खरं अक्कांच्या कागदाला कोण काय फासणार?
एक आणि तीन टिंबं म्हणजे क.
मराठीचा तोच, कन्नडचा तोच.
ळ म्हणजे चार, पाच, सहा.
नंदिहळ्ळीत दोनदा येतो, कुठल्याही बाजूनं म्हणा.
कन्नडचा आखूड ए तेवढा वेगळा,
तो त्यांच्या बोटाला शाळेपासून ओळखीचा.

जेवणाच्या सुट्टीत अथणीकडचे सिद्धप्पा बनहट्टी आले,
मघाचा आवाज त्यांचाच.
"अम्मा, तुमचा कागद कुठल्या भाषेत?"
अक्कांनी त्यांचं मनगट धरलं,
तर्जनी ओळीवर टेकवली.
उसानं चिरलेलं, राठ बोट.
"चुरचुरतंय," ते म्हणाले.
"वाचा की."
बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं, तिथंच राहिलं.
"आमच्याकडं एकवीस," ते म्हणाले.
"अव्वाला पाठीवर घेऊन चढलो होतो.
साहेब जेवायला गेले होते."

रात्री विश्रामगृहात टोचणीची टकटक चालू होती.
मी शेजारी बसून कागद दाबून धरलेला.
नवा प्रश्न, अतारांकित चालेल म्हणाल्या,
खरं जायला हवा.
अथणी, एकवीस.
इथं टोचणी थांबली.
"ही गणती कुणाची?"
"बनहट्टींची. आज तेच म्हणाले की."
"पाठीवर ओझं असलं की माणूस जास्त मोजतो," अक्का म्हणाल्या.
मग काठी कुठंय ते हातानं चाचपून बघत,
"सोमवारी अथणीची पहिली गाडी
किती वाजता सुटते, विचारून ठेवा."