वीतभर रबर

डॉक्टर लेनमधल्या एक्स-रेच्या खोलीत
माझी रात्रपाळी सहाला संपते.
सव्वासहाला मी गोवर्धन घाटाच्या पुलाखाली,
हातात गळाची काठी, खिशात
करंगळीएवढे रबरी मासे,
गुलाबी, पोपटी, एक चमकी लावलेला.

नांदेडात नदीला गंगाच म्हणतात,
गोदावरी फक्त सरकारी पाटीवर.
एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला जलपर्णी,
मधून विष्णुपुरीतून सुटलेलं पाणी
उरलेल्या चहासारखं.
सगळे सांगायचे, गावातला मासा भेदरट,
हॉर्न ऐकत वाढलेला,
त्याला लहानच दाखव.
दोन वर्षं मी लहानच दाखवलं.
लागायचे ते माझ्या आमिषाएवढेच,
कुणी कुणाला धरलंय कळायचं नाही.

सटवाजी भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं सोडतो.
"काय करूलालास रे, खेळ का?"
रोज विचारतो,
उत्तरासाठी थांबत नाही.

माघात एका सकाळी त्याच्या जाळ्यात शिवडा आला.
हातभराहून लांब. तोंड डोळ्यांच्याही मागे फाटत गेलेलं,
पाठ गाळाच्या रंगाची,
पोट पांढरं आणि गच्च.
म्हटलं, काका, अर्धा तास द्या.
"परत आणशील का?"
ओल्या गोणपाटात गुंडाळून
स्कूटीच्या पायाशी ठेवला, नेला.

मशीन अजून गरमच होतं.
रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं तर:
नाव शिवडा, वय माहीत नाही,
राहणार पुलाचा तिसरा खांब,
तक्रार काही नाही.
प्लास्टिक अंथरून आडवा निजवला
आणि सवयीनं बोलून गेलो,
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
तो हलला नाही.

स्क्रीनवर आधी त्याचा कणा उमटला,
मग फासळ्या,
मग फासळ्यांच्या आत दुसऱ्या फासळ्या.
चिलापी. डोकं आत, शेपूट दाराशी.
मी काचेवर हात टेकवून मोजलं:
अंगठा ते करंगळी, भरून वीत.
दोन वर्षं मी
जेवायला बसलेल्याला एकेक शेंगदाणा दाखवत होतो.

सटवाजीला मोबाइलवर फोटो दाखवला.
त्यानं डोळे बारीक केले.
"हे तर मला पोट फाडल्यावर दिसतंच की.
तू कवा इचारलास?"

हैदराबादहून मागवला मग.
वीतभर, मऊ, राखाडी, शेपूट पंख्यासारखी,
पोटात शिशाचा गोळा.
बायको म्हणाली, आपल्या ताटात तरी
एवढा येतो का कधी?
हातात धरला की तो थरथरायचा,
मीच लाजायचो.

याचं तंत्र वेगळं.
फेकायचा, बुडू द्यायचा,
दोरी सैल पडली की समजायचं, तळ आला.
काठी दोनदा उचलायची, हलकेच,
उशी सारखी करावी तशी,
आणि पुन्हा पडू द्यायचा.
घेतात ते पडतानाच.
वर येणाऱ्यावर कुणाचा जीव जात नाही.

अकरा सकाळी काही नाही.
बारके मासेही आता येत नव्हते,
त्यांची मजा होती, आता कळलं.
पलीकडच्या पायरीवरचा पोरगा करंगळीएवढ्या रबरावर
पिशवी भरून गेला
आणि जाताना माझा मासा बघून हसला.
एकदा वाटलं, पुन्हा चमकीवाला लावावा.
खिशात हातही गेला.

बाराव्या सकाळी, तिसऱ्या खांबाजवळ,
दुसऱ्यांदा पडता पडता
दाराला आतून कुणी एकदाच खांदा लावावा तसं
काहीतरी.
मग दोरी जड.
खडक असेल, साडी असेल,
विसर्जनातली सळई असेल.
श्वास घेतला.
धरून ठेवला.
हललो नाही.

खडक उजवीकडे निघाला.