एक की सात

चौघांच्या बँडमध्ये बास मी वाजवते
आणि यादी मी सांभाळते.
यात तर्क काही नाही.
व्हॅन ऑर्व्हिल चालवतो, भांडणं मार्टा मिटवते,
एर्कीला अकॉर्डियनखेरीज काही उचलवत नाही.
उरलं ते माझं.

दोनशे बारा पत्ते.
एकेक कमावलेला:
थंडर बेच्या फिनिश हॉलमध्ये, निपिगनच्या बारमध्ये,
कुणाच्या तरी पन्नासाव्या वाढदिवसाला,
दाराजवळच्या टेबलावरच्या पॅडवर,
सुतळीनं बांधलेल्या पेन्सिलीनं.
पेन्सिल बांधावीच लागते. लोक चांगले आहेत,
पण पेन्सिलीच्या बाबतीत कुणाचा भरवसा नाही.
तीन बिअरनंतरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
दुसऱ्या दिवशी खिडकीशी धरून ते मी लावत बसते.

विषयाच्या ओळीत काय लिहावं,
हे सांगायचे एक शहाणा माणूस पैसे घेतो:
घाई दाखवा, नाव घाला, गुपित अर्धंच सांगा.
एकदा लिहून पाहिलं, "फक्त तुमच्यासाठी".
सात जण नाव काढून गेले.
त्यात मार्टाची सख्खी मावशी.

तेव्हापासून जे घडलं तेच लिहिते.
जानेवारी: गिअरबॉक्स गेला.
टेरेस बेहून घरापर्यंत तिसऱ्या गिअरमध्येच आलो.
मार्च: एर्कीच्या बोटाला चार टाके.
पाव कापत होता, वाद्याचा संबंध नाही.
मे: नवं गाणं झालं. खाली लिंक आहे.
खाली लिंक नेहमीच असते,
चर्चच्या दाराशी दानपेटी असते तशी.
दिसते सगळ्यांना.

मग आकडे. कुणी उघडलं, किती वाजता.
शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं वाटतं अजून,
पण डोकावते.
दोनशे बारांतले साठ-पासष्ट.
आणि त्यांत एक, पिकरेल सत्त्याहत्तर,
दर महिन्याला पहाटे चार वाजून काही मिनिटांनी,
एकदा नाही, तीनदा, चारदा.
लिंकला मात्र बोट लावलेलं नाही.
दोन वर्षं. एकदाही नाही.

आम्ही पैजा लावल्या.
ऑर्व्हिल म्हणाला, बेकरीवाली असणार.
मार्टा म्हणाली, बहिरा माणूस.
कुणी हसलं नाही.

ऑक्टोबरात उत्तर आलं.
"मी लुसिएन ग्राव्हेल, ड्रायडन. फ्रीजर दुरुस्त करतो.
तुमच्या कार्यक्रमाला कधी आलेलो नाही,
माझा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला, ठाऊक नाही.
मासे धरतो म्हणून पिकरेल, सत्त्याहत्तर हे जन्मसाल.
संगीतातलं मला कळत नाही, माफ करा.
पण सप्टेंबरच्या पत्रात व्हॅनबद्दल काहीच नव्हतं.
विकलीत का?"

मी जुना पॅड शोधून काढला.
पिकरेल. पुढं सात. त्यापुढं
एक.
डोक्यावर जराशी टोपी घातलेला एक,
काढतात काही लोक तसा.
मी त्याचा सात केला होता.

म्हणजे कुठंतरी एक पिकरेल एकाहत्तर आहे.
त्या रात्री रांगेत उभं राहून,
सुतळी पुरेना म्हणून टेबलावर वाकून
त्या कुणीतरी आपला पत्ता दिला,
आणि आम्ही विसरलो, असं दोन वर्षं धरून चाललंय.

लुसिएनला कळवलं: व्हॅन आहे, आता क्लच गेलाय.
चार मिनिटांत त्याचं उत्तर,
नुसत्या क्लचवर दोन परिच्छेद.
तुमचं नाव काढू का, हे मी विचारलं नाही.
त्यानंही काढलं नाही.

एकाहत्तरला काय लिहावं, हे मात्र ठरेना.
"उशीर झाला", लिहिलं, खोडलं.
"तुम्ही कोण", हे तर पोलिसासारखं.
बाहेर धान्याच्या उंच कोठारांवर
सरोवराकडून बर्फ तिरका येत होता,
आणि मी एका ओळीपाशी अडून.

शेवटी लिहिलं:
त्या रात्री हॉलचा हीटर बंद पडला होता,
सगळे कोट घालूनच नाचत होते.
तुमचा कोट कुठल्या रंगाचा होता?

लिंक टाकली नाही.