परवडतं का

हिशेबाची वही माझ्याकडे असते.
पुंता आरेनासच्या जकातमुक्त बाजारात,
टायरच्या दुकानात, अकरा वर्षं बिलं फाडलीत मी.
म्हणून नोल्बेर्तोनं विचारलं, "यास्ना, सर्व्हर टाकू का?"
तेव्हा गिऱ्हाइकाला करते तोच प्रश्न केला:
गाडी किती चालणार आहे?

तो म्हणाला, मायामीच्या सर्व्हरवर
आम्ही आधी मरतो, मग तलवार दिसते.
यंत्र इथं असलं, आपल्या स्वयंपाकघरात,
तर हाकेला लगेच ओ मिळेल.
चाळीस जण येतील बघ.
निदान पंचवीस.

लिहून घेतलं.
जुनं यंत्र, एक लाख ऐंशी हजार पेसो.
वीज, महिन्याला सोळा हजार.
नाव नोंदवायचे अकरा
(ते नाव सुचायलाच चार दिवस गेले होते).
जमेच्या बाजूला: मांजर.
यंत्राच्या पाठीला पाठ लावून निजते,
आणि ओले मोजे तासाभरात वाळतात.

पहिल्या आठवड्यात एकोणीस जण.
दुसऱ्यात कोन्सेप्सिओनहून दोघं आले
आणि अख्खं गाव जाळून गेले,
घंटाघर, मासळीबाजार,
नोल्बेर्तोनं दोरी लावल्यासारखी लावलेली झाडं.
का, तर गंमत.
दोन रात्री जागून त्यानं मंगळवारची प्रत परत बसवली.
मंगळवारनंतर कुणी काय बांधलं होतं, ते गेलं ते गेलंच.
त्यावरून भांडणं झाली, लोक निघून गेले,
जाताना त्यालाच चोर म्हणाले.
मी खर्चात लिहिलं: झोप.
आकडा टाकला नाही.

उरले तिघं.
मिरेया, इस्पितळातली रातपाळी संपली की येते,
काही बांधत नाही, नुसती खणत बसते.
नौदलाचा एक आचारी, जहाज धक्क्याला असेल तेव्हा.
आणि सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरमध्ये,
दहा वर्षांचा लिसान्द्रो.
वारा सुटला की फेरीबोट बंद,
फेरीबोट बंद की बाप या काठावर अडकलेला,
मग तो पोरगा गव्हाला पाणी घालतो.

तीन माणसांसाठी जग चालवायचं?
बसत नाही हिशेबात, मी म्हणाले. जूनअखेर बंद कर.
त्यानं मान डोलावली.
वाद घालत नाही, हाच त्याचा दोष.

काल रात्री पाणी प्यायला उठले.
बाहेर वारा पत्रे ओरबाडत होता.
हा खुर्चीतच झोपलेला, हनुवटी छातीवर,
आणि पडद्यावर त्याचा माणूस शेतात उभा,
बुजगावण्यासारखा.
कोपऱ्यात शेवटच्या दोन ओळी:
"मी झोपलो तर गहू थांबेल ना?"
"नीज तू. मी उभा आहे शेतात."

तिथला नियम मला ठाऊक आहे, दहादा ऐकलाय:
जवळ कुणी नसलं की तेवढं जग थांबतं.
पीक वाढत नाही, मेंढी चरत नाही, नदीसुद्धा अडते.
दुसरा नियम ह्यानंच घातलेला, जाळपोळीनंतर:
पंधरा मिनिटं हलला नाही, तो बाहेर.

पडद्यावर आकडे उतरत होते.
बावीस. एकवीस.

मी खेळत नाही. मला जमत नाही, आवडत तर नाहीच.
माउसला बोट लावलं.
माणसानं मान वळवली,
समोर चौकोनी चंद्र,
आणि गहू खरंच वीतभर आला होता.

घोंगडी त्याच्या गुडघ्यांवर टाकली,
मातेसाठी पाणी तापत ठेवलं,
आणि बसले.
दर चौदा मिनिटांनी एक बोट.
वही समोरच होती.
उघडली नाही,
तिच्यावर गरम किटली ठेवली.