डावा कोपरा

ओउलूच्या त्या पाचमजली इमारतीखाली
एक तळघर आहे, बाँब पडले तर लपायला बांधलेलं.
पडले नाहीत.
लोक तिथे स्की ठेवतात, सायकली, जॅमच्या बरण्या,
आणि सोमवार ते गुरुवार, रात्री आठनंतर,
आह्ती कूसेला तिथे लेन्स तपासतो.

भिंतीवर तक्ता. काळ्या-पांढऱ्या रेघा,
बारीक होत होत केसाएवढ्या.
ट्रायपॉडच्या पायांशी वाळूच्या पिशव्या,
दोन दिवे तिरपे, मिनिटभर तापू दिलेले.
वर कुणी दार आपटलं तर तो पुन्हा घेतो.
लिफ्ट चालू झाली तर थांबतो.
एफ दोन. एफ दोन पॉइंट आठ. एफ चार.
मध्य, कड, कोपरा.
मग आकडे जगासमोर मांडतो,
आणि जग ते वाचून पाकिटाला हात घालतं
किंवा काढून घेतं.

फुकाचं काम नाही हे.
इनारीहून हिल्का लिहिते, शाळेची बस चालवणारी:
चार महिन्यांची बचत आहे, ध्रुवप्रकाश टिपायचाय,
ही घेऊ का?
नका घेऊ, तो कळवतो. पूर्ण उघडली की
कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात हिच्यात.
तिने दुसरी घेतली, स्वस्तातली, दिसायला ओबडधोबड.
जानेवारीत फोटो आला:
वर हिरवा झोत, खाली बर्फात रुतलेली बस,
आणि पार कोपऱ्यापर्यंत एकेक तारा
मोहरीसारखा गोल.
त्या रात्री आह्तीने दालचिनीचे दोन पाव खाल्ले,
एरवी एकावर थांबतो.

पण तुर्कूचा एक दंतवैद्यही लिहितो, चिडून:
तुम्ही दहापैकी नऊ दिलेत,
माझ्या लेन्सची डावी बाजू विरघळलेली आहे!
काय सांगणार त्याला?
शितावरून भाताची परीक्षा, हे भाताला ठीक.
इथे एकाच हंडीतलं प्रत्येक शीत वेगळं शिजतं.
कुणाचं आतलं भिंग केसभर तिरकं,
कुणाचं खोकं विमानतळावर आपटलेलं.
त्याने एकच नग तपासला होता.
पानाच्या तळाशी तसं लिहिलंही होतं,
बारीक अक्षरात.

शिवाय तक्ता सपाट असतो.
हलत नाही, लाजत नाही, पुरे आता म्हणत नाही.
त्याच्या पाठीमागे खिडकी नसते,
जिच्यातून दुपारी दोनलाच कलतं झालेलं ऊन
काचेत शिरून सगळं दुधाळ करेल.
आह्तीला हे ठाऊक आहे.
कुणी विचारलंच तर म्हणतो,
मी रेघा मोजतो. पुढचं तुम्ही बघा.

मार्चमध्ये नाप्पी गेली.
नाप्पी म्हणजे बटण. करडी मांजर, सतरा वर्षांची,
तळघरातल्या हीटरपाशी झोपायची.
एखादा फोटो हवा म्हणून शोधू लागला
तेव्हा लक्षात आलं:
कपाटात बावीस कॅमेरे, आणि मांजरीचा एकही नाही.
होते ते अकरा हजार, तक्त्याचे.
तीन रात्री तो रेघा चाळत बसला.

सापडला. चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, एफ दोन,
बाद केलेली फाइल, नावापुढे "पुन्हा घेणे".
तक्त्याला अंग घासत ती निघाली आहे,
शेपटी अजून रेघांवर,
डोकं नेमकं डाव्या कोपऱ्यात,
जिथे ती लेन्स सगळ्यात वाईट.
मिशा धुरासारख्या,
कान पाण्यात बुडाल्यासारखा,
डोळ्याभोवती जांभळी कड, जी तिला कधीच नव्हती.
मधोमध रेघा मात्र करकरीत,
बोटाने मोजाव्यात अशा.

पोस्टकार्डाएवढा छापून
त्याने तो हीटरच्या वर टाचणीने लावला.

मग त्या लेन्सचं जुनं पान उघडलं.
कोपरे: दहापैकी दोन.
बराच वेळ बघत राहिला.
वर कुणीतरी लिफ्ट बोलावली, ती गेली, थांबली.
दोनाचे अडीच त्याने केले नाहीत.
पान मिटलं, दिवे लावले,
आणि ते तापेपर्यंत, मिनिटभर,
हीटरकडे पाठ करून उभा राहिला.